तर्जनीवरचा केस

आज उकड मळताना दिसला. उजव्या तर्जनीच्या आतल्या बाजूला, मधल्या पेरावर, एक काळाभोर केस. डोक्यातला पडून चिकटला असेल म्हणून पुसला, जाईना. ओढला तर खालची कातडी वर आली.

"काय झाला गो?" काकी सारण ढवळता ढवळता म्हणाल्या. काही नाही म्हटलं आणि हात पदराआड घेतला.

जांघेतली कातडी, बोटाच्या जखमेवर आणून शिवलेली. रंग गडद राहील, एखादा केसही येईल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हा बोट राहतंय की जातंय याचाच घोर, केसाचं कोण ऐकतंय! हाड उघडं पडलं नव्हतं म्हणून नुसत्या कातडीवर भागलं. समोरच्या खाटेवरच्या मुलाच्या जखमी बोटावर शेजारच्या बोटाच्या पाठीवरची कातडी उलटवून शिवली होती, दोन्ही बोटं २-३ आठवडे एकमेकांना जखडलेली. त्या यंत्राचं, त्या पट्ट्याचं आज नको लिहायला.

लाज नक्की कसली वाटते आहे मला? जन्मभर झाकलेली जागा आता चारचौघांत उघडी, आणि त्याच बोटानं मी गणपतीची उकड मळते आहे. कुणाला विचारू? यांना तर नाहीच. दुसऱ्या कुणाला कळणारही नाही, पण मला कळतं ना. माझ्याच वाट्याला का हे.

कापसाचा बोळा टाक्यांनी या कातडीवर घट्ट बांधला होता. कापून आणलेल्या कातडीला रक्त मिळत नसतं. पहिले १-२ दिवस ती जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यावर तगते, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिच्याशी जुळतात. तोवर हलली तर गेली. मी रात्र रात्र हात उशीवर धरून जागी. सहाव्या दिवशी पट्टी सोडली, कातडी गुलाबी दिसली, आणि तात्या एकदम म्हणाले, "धरला कलम!"

ते बागेतलंच बोलले. पण रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधली तरी फळ हापूसचंच येतं, काडी आपला गुण सोडत नाही. मग या कातडीनं तरी का सोडावा?

एकवीस मोदक झाले. तीन फुटले, पारी किती पातळ झाली ते या बोटाला अजून कळत नाही. काकींनी फुटलेले गुपचूप बाजूला काढले.

केस उद्या कात्रीनं कापेन. उपटायचा नाही. फार जपून धरवलेली कातडी आहे.