हेरल्डची तारांची चाके : चकाकी आली, आरे मात्र तुटले

गेल्या नोंदीत मी मोठ्या समाधानाने लिहिले होते की माझ्या जुन्या हेरल्ड मोटारीची पाचही चाके क्रोम प्लेटिंग (धातूचा चकचकीत मुलामा) होऊन परतली असून आता केवळ टायर चढवायचे राहिले आहेत. ते समाधान अकरा दिवस टिकले. बाराव्या रात्री साडेअकराच्या सुमारास गॅरेजमधून तंबोऱ्याची तार तुटावी तसा एक बारीक आवाज आला. दिवा लावून पाहिले, तर भिंतीशी टेकवून ठेवलेल्या, टायरही न चढवलेल्या आणि गाडीचे किलोभरही वजन न पेललेल्या चाकाचा एक आरा तुंब्याजवळच्या (चाकाच्या मधल्या भागाजवळच्या) वाकणात तुटून लोंबत होता. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी दोन आरे असेच, आपोआप, तुटले.

पहिला संशय अर्थातच माझ्या बांधणीवर गेला. आमच्या पेठेतील सायकलवाले काका, ज्यांनी हयातभर चाकांचे आउट (फिरतानाचा डगमगता वाकडेपणा) काढले आहेत, त्यांना मी घरी बोलावले. त्यांनी पान्याच्या टोकाने एकेक आरा हलकेच वाजवत संपूर्ण चाक ऐकले आणि ताण सगळीकडे जवळपास सारखा असल्याचा निर्वाळा दिला. "ताण जास्त असता, तर निपलाचे आटे आधी बोलले असते," हे त्यांचे म्हणणे मला पटले (निपल म्हणजे आरा रिमला आवळणारा बारीक नट). मग गंजाचा संशय घेतला, पण तुटलेल्या तोंडावर गंजाचा ठिपकाही नव्हता. जुन्या वापराने आलेला थकवा म्हणावा, तर हळूहळू वाढत गेलेल्या भेगेचा गुळगुळीत, काळसर पट्टा दिसायला हवा होता. भिंगाखाली दिसत होता तो राखी, दाणेदार आणि कोरडा तुकडा. चांगले पोलाद तुटण्यापूर्वी ताणले जाऊन जरा बारीक होते, तशी खूण इथे कुठेच नव्हती.

तेव्हा उलगडा झाला की हा हायड्रोजनचा प्रताप आहे. आऱ्यांची तार थंड अवस्थेत ओढून अतिशय ताठ केलेली असते. अशा पोलादाला गंज काढण्यासाठी आम्लात बुडवले आणि त्यानंतर प्लेटिंगच्या टाकीत टांगले की दोन्ही ठिकाणी सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरतो, ताण असलेल्या जागी जमा होतो आणि काही तासांनी, दिवसांनी किंवा आठवड्यांनी तिथे भेग पाडतो. म्हणूनच चाक निवांत उभे असतानाही आरा तुटतो. यावरचा रूढ उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत तो भाग साधारण 190 ते 220 अंश सेल्सिअसला कित्येक तास भट्टीत ठेवणे, म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो. मी प्लेटिंगवाल्याला दूरध्वनीवर विचारले की आरे भट्टीत ठेवले होते का, तेव्हा त्याने शांतपणे प्रतिप्रश्न केला, "साहेब, वाळवायला फुंकणी पुरते, भट्टी कशाला?" चूक त्याच्याइतकीच माझीही आहे, कारण चकाकी कशी हवी हे मी त्याला तीनदा सांगितले आणि ताठ पोलादाचा विषय एकदाही काढला नाही.

तरीही खात्री हवी, म्हणून शेगड्यात (कामाच्या बाकावरच्या पकडीत) एक मुलामा दिलेला आरा आणि एक न दिलेला जुना आरा लावून दोन्ही अगदी सावकाश वाकवले. जुना आरा काटकोनापर्यंत वाकला आणि तक्रार न करता तसाच राहिला. मुलामा दिलेला निम्म्या वाटेवरच कडकन मोडला आणि त्याचा तुकडा कपाटाखाली गेला, तो अद्याप सापडलेला नाही. आता उशिरा भट्टीत घालूनही उपयोग नाही, कारण पडलेली भेग बुजत नाही आणि क्रोमखाली दिलेला निकेलचा थर हायड्रोजनची वाट अडवतो. पाच चाके, प्रत्येकी 60 आरे, म्हणजे 300 आरे एका पोत्यात भरून भंगारात काढले. पोते उचलताना मन जड झाले, हे मान्य करायला हरकत नाही.

याच निमित्ताने मुलाम्याची जाडीही तपासली. मित्राकडून चुंबकीय जाडीमापक आणला, आकडे घेतले आणि संध्याकाळी लक्षात आले की निकेल स्वतःच चुंबकाला ओढले जाते, त्यामुळे पोलादावरील निकेलसाठी ते साधे उपकरण निरर्थक आहे. अखेर तुटलेल्या आऱ्याचा छेद घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर निकेल जेमतेम 9 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निघाले. पावसात वावरणाऱ्या पोलादी भागावर ते निदान 30 मायक्रॉन असावे. आपण सारे "क्रोम" म्हणत असलो, तरी क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो आणि त्यात सूक्ष्म तडे असतातच. गंजापासून रक्षण करते ते खालचे निकेल, आणि तेही दुपदरी असल्यास अधिक चांगले, कारण मग गंज सरळ खाली न उतरता वरच्या पदरात आडवा पसरतो. म्हणून प्लेटिंगवाला निवडताना नमुन्यात आपला चेहरा किती स्वच्छ दिसतो, हे पाहू नये; निकेल किती मायक्रॉन देणार, हे लेखी विचारावे. ज्यांच्याकडे या प्रश्नाला आकड्यात उत्तर नसते, त्यांच्याकडे स्वयंपाकघरातील नळ द्यावेत.

त्यामुळे निवड पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. संपूर्ण क्रोमचा नवा संच परदेशातून मागवणे हा सर्वांत देखणा पर्याय, परंतु त्याची किंमत आणि त्यावरील आयातशुल्क पाहून मी तो मोह आवरला. चंदेरी रंगाची चाके हा सर्वांत प्रामाणिक पर्याय आहे, कारण त्या काळी तारांची बहुतेक चाके रंगवूनच येत आणि क्रोमसाठी वेगळे पैसे मोजावे लागत. मी मधला मार्ग निवडला : रिमला क्रोम, आरे स्टेनलेसचे आणि तुंबा चंदेरी रंगाचा. स्टेनलेसच्या आऱ्याला मुलामाच नको, म्हणजे टाकीही नको आणि टाकीतला हायड्रोजनही नको. रिमचे पोलाद मऊ असल्यामुळे तिला हा धोका जवळजवळ नाही. क्रोमच्या निळसर चकाकीशेजारी स्टेनलेस किंचित उबदार दिसते, पण तो फरक उन्हात, शेजारी उकिडवे बसूनच कळतो. तुंब्याला प्लेटिंग न करण्याचे आणखी एक कारण म्हणजे आतल्या खाचांवर थर चढला, तर चाक हबवर (गाडीला बसवलेल्या खाचांच्या भागावर) नीट बसत नाही.

आधी दोनच चाकांचे 120 आरे मागवले. पहिले चाक बांधायला दोन संध्याकाळी लागल्या, दुसरे एका संध्याकाळीत झाले. डायल गेजवर आउट 2.5 मिलिमीटरवरून 0.6 मिलिमीटरवर आला, तेव्हा काकांनी काही न बोलता चहा मागितला. त्यांच्याकडून याहून मोठी दाद मिळत नाही. निपलांची बाहेर आलेली टोके घासून सपाट केली, त्यावर रबरी पट्टी बसवली आणि आत ट्यूब घातली, कारण या रिमला साठ भोके असल्यामुळे ट्यूबलेसचा विचारच करता येत नाही.

ही दोन चाके मागे लावली आणि पुढे मूळ पोलादी चाके ठेवली. हेरल्डच्याच चौकटीवरून बेतलेल्या स्पिटफायर या मोटारीला तारांची चाके जादा किमतीत मिळत असत, त्यामुळे तिचे बोल्टवर बसणारे खाचांचे हब आपल्या गाडीला लागू पडतात. मात्र बोल्टची टोके आखूड करावी लागतात, नाहीतर ती चाकाच्या तुंब्यात अडतात. मी चाक धरून ठेवणाऱ्या मधल्या एकुलत्या नटवर आणि हबच्या टोकावर मुलीच्या नेलपॉलिशने एक सलग लाल रेघ ओढली होती. सोसायटीत तीन किलोमीटर फिरून आलो, तर रेघ बोटभर सरकलेली, म्हणजे नट सैल होत होता! कारण लाजिरवाणे निघाले. हबवर डावे-उजवे लिहिलेले होते आणि कोणता कुठे, हे ठरवताना मी गाडीकडे तोंड करून पुढे उभा होतो. डावी बाजू म्हणजे चालकाच्या आसनावरून दिसणारी डावी. या पद्धतीत डाव्या बाजूला नेहमीचे आटे असतात आणि उजव्या बाजूला उलटे. नटची शंकूसारखी कड चाकाच्या किंचित मोठ्या कडेत रांगत जाते आणि गाडी पुढे धावताना नट चाकाच्या फिरण्याच्या उलट दिशेने घट्ट होत जातो. बाजू बदलली की हीच युक्ती नट सोडवू लागते. हब अदलाबदल करून, खाचांना ग्रीस लावून पुन्हा 40 किलोमीटर फिरलो. रेघ केसभरही हलली नाही.

नवे आरे सुरुवातीला थोडे बसतात, तेव्हा 500 किलोमीटरनंतर दोन्ही चाकांचा ताण पुन्हा तपासणार आहे. हे लिहायला बसलो तेव्हा पाचही रिम पुन्हा प्लेटिंगला पाठवायचा बेत होता. लिहिता लिहिता मात्र वाटू लागले की पुण्याच्या पावसात ही चाके वापरायचीच कशासाठी? जून ते सप्टेंबर मूळ पोलादी चाके आणि त्यांवरच्या क्रोमच्या टोप्या, बाकीचे आठ महिने तारा. तसे केले, तर मागच्या दोन रिमवरील पातळ निकेलही बरीच वर्षे तग धरेल आणि बांधलेली चाके उसवावी लागणार नाहीत. पाचवे चाक डिकीत झाकलेलेच राहते, तेव्हा त्याची रिम आणि साधे, मुलामा नसलेले आरे चंदेरी रंगात रंगवून टाकतो.

उरल्या पुढच्या दोन रिम. त्या सोमवारी दुसऱ्या प्लेटिंगवाल्याकडे जातील. सोबत देण्याच्या कागदावर तांबे, दुपदरी निकेल, एकूण 30 मायक्रॉन आणि त्यावर क्रोम, एवढेच लिहिले आहे. भट्टीची ओळही लिहिली होती, पण आरे पाठवायचेच नसल्यामुळे ती खोडली.