मागून घेतलेले नाव

सास्काटून, २४ सप्टेंबर

३० सप्टेंबर हा कॅनडात सत्य आणि सलोख्याचा राष्ट्रीय दिवस असतो. त्यानिमित्त आमच्या विद्यापीठात महिनाभर एक उपक्रम चालतो. विभागांनी संघ करून मूलनिवासींचा इतिहास वाचायचा, व्याख्यानांना जायचे आणि गुण मिळवायचे. यंदा प्रत्येक संघाने आपले नाव इथल्या एखाद्या मूलनिवासी भाषेत ठेवावे, अशी सूचना आली. बहुतेकांनी लगोलग इंटरनेटवरच्या शब्दकोशातून अस्वल, लांडगा, गरुड यांची नावे शोधून अर्ज भरले. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ज्यांची भाषा आहे त्यांना विचारल्याशिवाय तिच्यातले नाव लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

मूलनिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळांतला पहिला घाव नावांवरच पडत असे. सरकारच्या पैशावर आणि चर्चच्या देखरेखीखाली शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या या शाळांत दीड लाखांवर मुले गेली, त्यांतली कितीतरी आईबापांपासून जबरदस्तीने तोडलेली. तिथे मुलांना इंग्रजी किंवा फ्रेंच नावे दिली जात, अनेकांना क्रमांकानेच हाक मारली जाई आणि घरची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या; त्यांतली सतरावी अशी की, शाळेने बदललेले नाव परत घेणाऱ्यांकडून आणि त्यांच्या कुटुंबीयांकडून कागदपत्रांसाठी पाच वर्षे शुल्क घेऊ नये. स्वतःचे नाव परत मिळवण्यासाठी ज्यांना अर्ज करावे लागतात, त्यांच्या भाषेतले नाव आपण महिनाभर सहज मिरवावे, हे मला पटेना.

म्हणून आमच्या संघातल्या आम्ही तिघीजणी क्री ही इथली मूलनिवासी भाषा शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंकडे गेलो. इथल्या रिवाजाप्रमाणे कापडात बांधलेली तंबाखू आधी त्यांच्यापुढे धरली आणि मग विनंती केली. त्यांनी पुरचुंडी हातात घेतली, तेव्हा विनंती मान्य झाल्याचे कळले. संघात कोण आहेत, काय वाचणार आहेत, महिना सरल्यावर नावाचे काय करणार, असे सगळे त्यांनी शांतपणे विचारून घेतले आणि मगच ‘मियो-वीचेह्तोविन’ हे नाव दिले. एकमेकांशी चांगल्या नात्याने राहणे, असा त्याचा आशय. ब्रिटिश राजसत्ता आणि इथले मूलनिवासी यांच्यात १८७६ मध्ये झालेल्या ‘सहाव्या करारा’विषयी बोलताना इथले ज्येष्ठ हीच कल्पना सांगतात. संघातल्या प्रत्येकाला ते नाव नीट उच्चारता आले पाहिजे, एवढी एकच अट त्यांनी घातली. क्रीमध्ये ह्रस्व-दीर्घ चुकले की शब्दच बदलतो. ‘निपिय’ म्हणजे पाणी आणि ‘नीपिय’ म्हणजे झाडाचे पान. मराठीमुळे मला ते लवकर साधले, पण ‘ह्त’ जोडाक्षरापाशी माझ्या सहकाऱ्यांना बराच सराव करावा लागला. नोंदणीच्या अर्जात मात्र रोमन लिपीतल्या दीर्घ स्वरांवरची खूण गळून पडत होती. ती येईपर्यंत मी संबंधित कार्यालयाचा पिच्छा सोडला नाही.

विद्यापीठांच्या संघांची नावे हा या देशात जुना प्रश्न आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने मूलनिवासींच्या कथांतल्या पक्ष्याचे ‘थंडरबर्ड’ हे नाव आधी लावले आणि त्याला क्वाक्वाकावाक्व या मूलनिवासी लोकांचे प्रमुख विल्यम स्काउ यांची संमती मिळाली ती १९४८ मध्ये. मॅकगिल विद्यापीठाने ‘रेडमेन’ (लाल माणसे) हे मूलनिवासींना अपमानकारक वाटणारे नाव २०१९ मध्ये सोडले, तेही मूलनिवासी विद्यार्थ्यांनी जोर लावल्यावर. मेळघाटातली कोरकू किंवा भामरागडची माडिया मुले शाळेत येतात, तेव्हा त्यांच्यापुढे मराठी कशी उभी राहते हे ज्यांना ठाऊक आहे, त्या आपण मराठी माणसांनी तर हा विषय परका मानू नये.

आज आयोजक समितीला मी टिपण पाठवले. पुढच्या वर्षीपासून नाव ठरवण्याआधी त्या भाषेच्या ज्येष्ठांना विचारावे आणि त्यांच्या वेळेचे मानधन उपक्रमाच्या खर्चातून द्यावे, असे त्यात लिहिले आहे. शिवाय उच्च शिक्षणसंस्थांनी मूलनिवासी भाषांचे पदवी आणि पदविका अभ्यासक्रम सुरू करावेत, ही आयोगाची सोळावी शिफारस सर्व संघांच्या वाचनात सक्तीने असावी, असेही सुचवले आहे. सोमवारच्या बैठकीत हा विषय संघाच्या वतीने मीच मांडणार आहे.