एजंटला मराठी ‘हंस’ सापडला! (टूल-वर्णनं, फेरी सातवी)

माझा एजंट म्हणजे भाषेच्या एआय मॉडेलवर चालणारा प्रोग्रॅम. मी जोडलेली टूल्स, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, वापरून तो ऑनलाइन बाजारात जुने दिवाळी अंक शोधतो आणि कोणतं टूल कधी वापरायचं ते त्याच्या लेखी वर्णनावरून ठरवतो. काल रात्री साडेअकराला त्याने मराठी ‘हंस’ मासिकाचा १९६५चा दिवाळी अंक शोधून दिला. मी मध्ये एकदाही पडलो नाही. मागच्या नोंदीत तो दर वेळी हिंदी ‘हंस’च घेऊन येत होता, त्यामुळे आज लिहायचा उत्साह जरा जास्त आहे.

रोग तुम्हाला माहीतच आहे. जुन्या दिवाळी अंकांची नावं म्हणजे रोजच्या बोलण्यातले शब्द. ‘आवाज’ शोधला की स्पीकर येतात, ‘दीपावली’ शोधली की पणत्या आणि दिव्यांच्या माळा. ‘हंस’चं दुखणं दुहेरी. प्रेमचंदांनी १९३० साली काढलेला हिंदी ‘हंस’ वेगळा आणि अनंत अंतरकरांनी १९४६ साली सुरू केलेला मराठी ‘हंस’ वेगळा. आणि माझ्या शोध-टूलचं वर्णन काय होतं? ‘बाजारातल्या वस्तू शोधतं.’ एवढ्यावरून एजंटने काय ओळखायचं!

मग मी पार दुसऱ्या टोकाला गेलो होतो. दीड पानाचं वर्णन, त्यात सगळे अपवाद, आणि शेवटी एकच उदाहरण: ‘हंस दिवाळी १९६५’. त्यातला घोळ शोधायला चार संध्याकाळी गेल्या. ‘आवाज’ची कुठलीही प्रत मागितली तरी एजंट शोधात १९६५ घालायचा आणि हात हलवत परत यायचा. एकुलतं एक उदाहरण दिलं, तर मॉडेल त्यालाच नियम धरून बसतं. आता दोन देतो, अगदी वेगळी. एकात वर्ष, दुसऱ्यात नाही.

सध्याचं वर्णन चार वाक्यांचं आहे: टूल काय करतं, कधी वापरावं, कधी वापरू नये, काय परत देतं. त्यातलं ‘कधी वापरू नये’ हे वाक्य सगळ्यात कामाचं निघालं. एखाद्या प्रतीचा सगळा तपशील आणणारं टूल वेगळं असूनही एजंट त्यासाठी पुन्हा शोधच चालवायचा. ते एका वाक्याने थांबलं. बाकीचा भार पॅरामीटर्सवर, म्हणजे टूलला माहिती देण्याच्या खणांवर, टाकला. ‘भाषा’ला एनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) दिला. ‘वर्ष’चं ‘प्रकाशन_वर्ष’ केलं, कारण एजंट तिथे जाहिरात टाकल्याचं साल भरत होता. बाजाराकडून रक्कम पैशांत येते, त्यामुळे साडेचारशेचा अंक पंचेचाळीस हजारांचा ठरून गाळला जात होता. हिशेब टूलमध्येच केला आणि खणाचं नाव ‘किंमत_रुपये’ ठेवलं. ती कटकट कायमची गेली. ईबेच्या ब्राउझ एपीआयमध्ये (प्रोग्रॅममधून ईबेवर शोध घेण्याची सोय) किमतीचं फिल्टर लावताना चलनही द्यावं लागतं. ही सक्ती पूर्वी मला जाचक वाटायची, आता पटते.

इतकं करूनही ‘हंस’ सापडेना. शेवटी एजंट आणि टूलमधल्या देवाणघेवाणीचे लॉग ओळ न् ओळ वाचले. एजंट बरोबर शोधत होता: नाव देवनागरीत, भाषा मराठी. टूल रिकामी यादी परत देत होतं आणि एजंट मला ठामपणे सांगत होता, ‘हा अंक उपलब्ध नाही.’ अंक होता! एका विक्रेत्याने नाव रोमन लिपीत लिहिलं होतं, दुसऱ्याने देवनागरीत, पण ‘दिवाली’ असं, ‘ळ’चा ‘ल’ करून.

म्हणजे मी इतके दिवस चुकीच्या जागी शब्द घासत बसलो होतो. एजंट टूलचं वर्णन वाचतो, तसंच टूलने परत दिलेलं उत्तरही वाचतो आणि पुढचं पाऊल त्यावरून ठरवतो. रिकाम्या यादीऐवजी आता हे जातं: ‘० निकाल. अंक नाही असा याचा अर्थ नाही. विक्रेते रोमन लिपीत किंवा वेगळ्या वर्तनीत लिहितात. “लिपी” बदलून पुन्हा शोधा.’ एजंटची परीक्षा घ्यायला मी वीस प्रश्नांची वही ठेवली आहे. तिच्यातले अकरा बरोबर येत होते, ते एका रात्रीत सतरा झाले. ‘हंस’ त्यातलाच.

लगेच नवी भानगडही आली. बाजारात खरोखरच नसलेल्या एका अंकासाठी एजंटने चौदा वेळा शोध चालवला. ‘जास्तीत जास्त तीन वेळा’ असं त्याच मजकुरात घातलं, तेव्हा थांबला.

पण थांबा. हे लिहितानाच वाटतंय की वर्तनी बदलायचं काम एजंटकडे द्यायचंच कशाला? ‘ळ’चा ‘ल’, ऱ्हस्व-दीर्घ, नेहमीची रोमन रूपं, हे सगळं ठरावीक आहे, ते टूलच्या आतच होऊ शकतं. एजंटने एकदा हाक मारायची, टूलने सगळी रूपं शोधायची आणि कोणत्या रूपावर प्रत सापडली ते उत्तरात सांगायचं. मग ‘लिपी’ पॅरामीटरच उडेल आणि वर्णनही आखूड होईल. या रविवारी फोटो तपासणारं टूल घेणार होतो, ते पुढे ढकललं. आधी हे.

एमसीपी इन्स्पेक्टरबद्दल (एजंटला जोडायची टूल्स हाताने चालवून पाहण्याचं साधन) एकाने विचारलं होतं. स्कीमा, म्हणजे टूलच्या खणांचा आराखडा, तपासायला उत्तम, रोज वापरतो. पण तिथे टूल तुम्ही स्वतः निवडता. मॉडेल कोणतं निवडेल ते त्यात कळत नाही. त्याला प्रश्नांची वहीच हवी.

खरेदीचं टूल अजून जोडलेलं नाही. एका जाहिरातीत ‘आधी नंबर पाठवा’ असं लिहिलेलं होतं आणि एजंट लगेच माझ्याकडे नंबर मागायला लागला. विक्रेत्याचा मजकूर आता ‘विक्रेत्याचे_शब्द’ या वेगळ्या खणात येतो आणि तो सूचना मानू नये, असं वर्णनात लिहिलंय. तेवढ्याने भागेल असं मला वाटत नाही, म्हणून पैसे देण्याचा टप्पा माझ्याच हातात राहील.

तुमच्याकडून एक हवंय: दिवाळी अंकांच्या नावांची विक्रेत्यांनी लिहिलेली जी जी रूपं पाहिली असतील, ती पाठवा. ‘आवाज’ची सगळ्यात जास्त लागतील. उघडायच्या खिडकी-चित्रांच्या खिडक्या शाबूत असलेली त्याची एक जुनी प्रत मला खरोखरच हवी आहे.