अजून प्रशिक्षण कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"एवढी वर्षं हे काम करताय, मग अजून प्रशिक्षणाला कशाला जाता?" हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, ओळखीचे वकील विचारतात, आणि नुकतेच या कामात आलेले तर हमखास विचारतात. दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देऊन सुटते. आज जरा सविस्तर सांगते.

आधी काम काय ते सांगते. गुन्हा घडतो, कोणाचं तरी नुकसान होतं. ज्याने ते केलं तो आणि ज्याला ते सोसावं लागलं तो, अशा दोघांची मनापासून तयारी असेल तर त्यांना समोरासमोर बसवायचं. काय घडलं, कोणाला काय भोगावं लागलं आणि आता ते सावरायला काय करता येईल, हे त्यांनी एकमेकांशी बोलायचं. याला पुनर्स्थापनात्मक न्याय म्हणतात. मी तिथे सुलभक, म्हणजे हे बोलणं नीट होईल अशी सोय करणारी, असते. निवाडा देणं माझ्याकडे नाही आणि समेट घडवून आणणंही नाही. हा दुसरा भाग लोकांना पटायला वेळ लागतो. मला स्वतःलाही लागला.

पहिली काही वर्षं मी स्वतःला या कामात चांगली समजत होते. तेव्हाची एक बैठक आहे. घरफोडी झालेली एक बाई आणि ती करणारा एक तरुण. पाऊण तासात तो रडला, माफी मागितली, बाईंनी मान हलवली, काय भरून द्यायचं ते कागदावर आलं. मी खूश होऊन घरी गेले. महिन्याभराने रिवाजाप्रमाणे विचारपूस करायला बाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी हो म्हटलं, कारण तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात. मला विचारायचं होतं की त्याने माझंच घर का निवडलं. ते राहूनच गेलं."

रात्री झोप न येण्याचं त्यांचं कारण नेमकं तेच होतं. रोज त्यांच्या घरावरून जाणाऱ्या कोणी पाळत ठेवली होती का, की तो योगायोग होता? समोर बसलेल्या त्या मुलाकडे याचं उत्तर होतं आणि मी त्यांना तिथवर पोहोचू दिलं नाही. मला माफीची घाई झाली होती.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. या कामात अनुभव माणसाला हळूहळू चुकीचं शिकवतो. वीस बैठका पार पडल्या की शेवट कसा होतो हे ओळखीचं होतं आणि आपण लोकांना नकळत तिकडे ढकलायला लागतो. ढकलतोय हे सांगणारं कोणी नसतं. बैठकीला आलेली माणसं आपले आभार मानूनच जातात. म्हणून कोणीतरी आपल्याला काम करताना बघावं लागतं, आणि तेही पुन्हापुन्हा.

याच्या उलट बाजूने लोक मला एक जुनी गोष्ट ऐकवतात. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या एल्मायरा गावात 1974 मध्ये दोन तरुणांनी दारूच्या नशेत 22 ठिकाणी नासधूस केली. मार्क यांत्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याने (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणाऱ्याने) सुचवलं की या मुलांनी त्या लोकांना प्रत्यक्ष भेटावं. न्यायाधीशांनी ते मानलं. मुलं दारोदार गेली, आपणच ते केलं असं सांगितलं आणि पुढे काही महिन्यांत नुकसानभरपाईही दिली. "तिथे कुठे कोणी प्रशिक्षित होतं?" असं मला विचारतात. खरं आहे, तेव्हा असलं प्रशिक्षणच नव्हतं. पण ते एक प्रकरण होतं, आणि हाताळणारी माणसं पहिल्यांदाच करत असल्यामुळे सावध होती. 1989 मध्ये न्यूझीलंडने किशोरवयीन मुलांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंबासह घ्यायची बैठक थेट कायद्यात आणली. असं काम रोजचं झालं की ती सावधपणाची धार आपोआप टिकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने 2002 मध्ये जी मूलभूत तत्त्वं मांडली, त्यात सुलभकाने गरजेप्रमाणे काम सुरू करण्याआधी प्रशिक्षण घ्यावं, असं म्हटलंय. काम करत असतानाचं प्रशिक्षण मात्र बहुतेक संस्था विसरतात. पैसा कमी पडला की पहिली कात्री तिथेच लागते, आणि याचा मला मनापासून राग येतो.

पहिल्या प्रशिक्षणात प्रश्न शिकवतात. काय झालं? तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं? त्यानंतर काय वाटत आलंय? कोणाकोणाला झळ पोहोचली? आता सावरायला काय करायला हवं? या यादीत "का केलंस?" नाही, हे नीट बघा. सुलभकाच्या तोंडून "का" आला की समोरचा सबबी शोधायला लागतो. तोच "का" त्या बाईंच्या तोंडून आला असता, तर त्याला सबब पुरली नसती.

प्रश्न महिन्याभरात पाठ होतात. उजळणी वर्गात काम चालतं ते दोन प्रश्नांच्या मधल्या जागेवर. मागच्या वर्गात आम्ही नाट्यरूपात एक बैठक केली आणि तिचं चित्रीकरण केलं. मी सुलभक, एक सहकारी चोरी झालेल्या दुकानदाराच्या भूमिकेत. चित्रीकरण पाहताना प्रशिक्षिकेने एका जागी थांबवलं आणि म्हणाली, "इथून मोज." मी विचारलं होतं, "त्यानंतर तुम्हाला काय वाटत आलंय?" दुकानदार म्हणाला, "आता ठीक आहे," आणि टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. तीन सेकंदांत मी पुढचा प्रश्न विचारला होता. मला वाटलं होतं, मी बराच वेळ थांबले. त्या अंगठ्याकडे माझं लक्षच नव्हतं.

मग भूमिका बदलल्या. मी दुकानदार झाले आणि सुलभकाने मला विचारलं, "तुम्ही त्याला माफ करू शकाल का?" सगळं खोटं आहे हे माहीत असूनही माझे कान तापले. नाही म्हटलं तर मी वाईट, हो म्हटलं तर खोटी. घरफोडी झालेल्या बाईंना त्या दिवशी काय वाटलं असेल, ते मला इतक्या वर्षांनी त्या खुर्चीत बसून कळलं. पुस्तक वाचून मला ते कधीच कळलं नसतं.

दुसरी मोठी गोष्ट पूर्वतयारीची. बैठकीआधी दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटावं लागतं, कधी एकदा, कधी चार वेळा. तुम्हाला तिथे काय विचारायचंय, काय ऐकायची भीती वाटते, सोबत कोण हवंय, दाराजवळची खुर्ची हवी का, मध्येच उठावंसं वाटलं तर मला कशी खूण कराल. काही वेळा या भेटीतच कळतं की बैठक घेऊच नये. गुन्हा करणारा सगळा दोष सोसणाऱ्या बाईच्याच निष्काळजीपणावर टाकत असेल, तर तिला त्याच्यासमोर बसवणं म्हणजे पुन्हा इजा करणं. असं "नको" म्हणायला धीर लागतो, कारण तारीख ठरलेली असते आणि सगळे वाट बघत असतात. तो धीर मला सहकाऱ्यांसोबत खरी प्रकरणं, नावं वगळून, पुन्हापुन्हा उलगडत बसल्यामुळे आला.

बाईंच्या त्या फोननंतर मी त्यांना विचारलं होतं, पुन्हा भेटायचं का. दोन महिन्यांनी दुसरी बैठक झाली, या वेळी दुसरी सुलभक होती आणि मी कोपऱ्यात टिपणं घेत होते. बाईंनी त्यांचा प्रश्न विचारला. मुलगा बराच वेळ खाली बघत राहिला. सुलभक काहीच बोलली नाही. मग तो म्हणाला, "दिवा बंद होता, म्हणून. तुम्ही कोण हे मला माहीतही नव्हतं." बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. तासाभरात पहिल्यांदाच.