सावळघाट सायकलवर: दरीपेक्षा टोमॅटोच्या पिकअपला घाबरा

‘पेठ रोड एकदम मोकळा, डोळे झाकून जा.’ नाशिकमध्ये ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं. सांगणारे सगळे रविवारी पहाटे रामशेज किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन, मिसळ हाणून नऊच्या आत घरी परतणारे. त्यांच्यापुरता रस्ता मोकळाच असतो. आम्ही दोघे निघालो नाशिक–पेठ–कपराडा–वापी आणि परत, तेही ऑगस्टअखेर, म्हणजे दिंडोरी पट्ट्यात टोमॅटोची तोड जोरात असताना. नाशिकचा भाजीपाला गुजरातला जातो तो याच रस्त्याने, ही गोष्ट मात्र कुणीच बोललं नाही.

दिवसाला शंभर किलोमीटर सायकल मारणाऱ्यांसाठीच हे लिहितोय. पंक्चर किट, मागचा लाल दिवा, पावसाळी जॅकेट हे सांगत बसत नाही.

नाशिक ते चाचडगाव टोलनाका: चांगला रस्ता, काही सांगण्यासारखं नाही. नाक्याच्या पुढे चहाला थांबलो तिथे एक पिकअप उभी होती. हौद्याच्या फळ्यांच्या वर कॅरेटचे चार थर, नायलॉनच्या दोरीने आवळलेले. मागचे स्प्रिंगचे पाटे दबून पार सपाट झालेले, चाक आणि मडगार्डमध्ये जेमतेम बोटभर जागा. कॅरेट मोजले तर एकशे साठच्या आसपास भरले. एका कॅरेटला वीस किलो धरा, म्हणजे तीन टनांच्या वर माल. गाडीची क्षमता दीड टनाची. ड्रायव्हर निवांत तंबाखू मळत होता.

आता सावळघाट, पेठच्या अलीकडचा. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला आम्ही उतरायला लागलो. पाऊस रिपरिप, धुकं वळणावर बसलेलं. मला भीती होती समोरून भरधाव येणाऱ्या ट्रकची. तो त्रास झालाच नाही. खरा धोका रस्त्यावर पडलेला होता. चढणाऱ्या ओव्हरलोड गाडीचा दम घाटात तुटतो, क्लच घसरतो, गाडी मागे सरकायला लागते. मग क्लीनर उडी मारून मागच्या चाकाला दगड लावतो. पाच मिनिटांनी गाडी निघते आणि दगड तिथेच राहतो! एका वळणातून बाहेर पडलो तर नारळाएवढा दगड बरोबर माझ्या चाकाच्या रेषेत. तो चुकवला तर पुढे अजून एक. त्याच्यापुढे बंद गाडीची खूण म्हणून टाकलेल्या फांद्या, गाडी कधीच निघून गेलेली. दरीकडे कठडा तुटका. मोटारवाल्याला हे दगड किरकोळ वाटत असतील, ओल्या डांबरावरच्या सायकलला नाही. पुढच्या चढावर तर मी उतरून तीन दगड पायाने गटारात लोटले. मागे जोडीदार शिव्या घालत उभा, कारण त्याचं अंग गार पडत होतं.

दुसरी गोष्ट वासाची. उतारावर ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास आला तर शर्यत लावू नका, मागेही राहू नका, थांबा. घाट ज्या गियरमध्ये चढायचा त्याच गियरमध्ये उतरायचा, हे प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असतं. पण डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात. मग दुप्पट ओझ्याचा सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि पाय दाबला तरी गाडी धरत नाही. त्यात कुणी इंजिनच बंद केलं तर दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, कारण ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिन चालू असेपर्यंतच मिळतो. मागून सलग हॉर्न वाजवत येणारी पिकअप तुम्हाला दम देत नसते. तिला थांबता येत नाही, एवढंच ती सांगत असते. बाजूला व्हा. आणि थांबायचं ते सरळ पट्ट्यात. वळणाच्या बाहेरच्या कडेला कधीच नाही, कारण उंच रचलेला माल त्याच बाजूला कलतो. एक कॅरेट आमच्या समोर उडालं. टोमॅटोचा चिखल ओल्या रस्त्यावर तेलापेक्षा वाईट, हा शोध मला फुकटात लागला.

पेठच्या पुढचा प्रवास सुरेख झाला. हिरवागार, शांत रस्ता, लोकं चांगली. कपराड्याजवळचा कुंभघाट अवजड गाड्यांचे ब्रेक फेल होण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. आम्ही तो उजाडता उजाडता उतरलो, काही घडलं नाही. सावळघाटही तसाच करा. नाशिकहून अंधारात निघून आठच्या आत खाली पोचा, परतीला पेठहून पहिल्या उजेडात निघा. दुपारी चारनंतर दोन्ही दिशांना नको. नाशिकच्या मार्केट यार्डातले संध्याकाळचे लिलाव झाले की माल सकाळच्या बाजाराला गुजरातेत पोचवायचा असतो, त्या घाईत रात्री घाटात सायकल म्हणजे वेडेपणा आहे. दिवाळीनंतर जाल तर वाळल्या गवताचे ट्रक भेटतील. त्यांचा माल दोन्ही बाजूंनी इतका फुगलेला असतो की आरशात मागचं काही दिसत नाही. त्यांच्या बाजूने घुसू नका.

परतीला, पेठ आणि सावळघाट यांच्या मधल्या करंजाळीत माझे गुडघे संपले. रिकामे कॅरेट घेऊन नाशिकला निघालेल्या एका पिकअपवाल्याने दोन माणसं आणि दोन सायकलींचे हजार रुपये मागितले. एसटीला माणशी किती पडतात ते आम्हाला माहीत होतं, पण घाट समोर होता आणि त्यालाही ते दिसत होतं. सहाशेवर ठरलं. लूटच ती, तरी दिली. केबिनमध्ये बसल्यावर विचारलं, दादा, एवढा माल का भरता? तो म्हणाला, ‘भाडं कॅरेटमागं मिळतं. शंभर भरले तर डिझेल आन् हप्ता निघतो. वरचे साठ माझे.’ मी कायदा काढला. ओव्हरलोडला 2019 पासून 20 हजार दंड, वर जादा टनामागे 2 हजार. माल बाहेर आला तर त्याचे वेगळे 20 हजार. तो हसला, ‘पकडलं तर ना भाऊ.’ आणि बोलता बोलता उताराच्या तुकड्यावर गाडी न्यूट्रलला टाकली. मी खिडकीची दांडी धरून गप्प बसलो.

अशी लिफ्ट घ्यायचीच वेळ आली तर भाव चढण्याआधी ठरवा आणि सायकल स्वतः बांधा, डिरेलरची (मागचे गियर बदलणाऱ्या यंत्रणेची) बाजू वर ठेवून. आमच्या क्लीनरने माझी सायकल उलटी झोपवून वर पंचवीस कॅरेट रचले. डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकला, त्याचे साडेतीनशे पंचवटीत वेगळे गेले.