डायरेक्टर होण्याआधी ते काय करत होते?

कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला की मी आधी बॅलन्स शीटवर जात नाही, बोर्डाच्या फोटोंचं पान शोधतो. अकाउंट्समध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाने असं करावं याचं आमच्या ऑफिसमधल्या पोरांना नवल वाटतं, पण ही सवय मला २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासून लागली आणि तेव्हापासून सुटलेली नाही. त्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं, आज रविवार आहे, बसलोय.

त्या दोन महिन्यांत आयएल अँड एफएस, म्हणजे रस्ते-वीज अशा मोठ्या प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी, कोसळली. रोज पेपरात तेच यायचं. आपल्या मुंबईत बीकेसीतलं हेडऑफिस, १९८७ साली सेंट्रल बँक, युनिट ट्रस्ट आणि एचडीएफसी यांनी मिळून काढलेली कंपनी, नंतर एलआयसी सगळ्यात मोठी भागीदार, म्हणजे साधारण पाव हिस्सा एकट्या एलआयसीचा, त्याखालोखाल जपानची ओरिक्स. लोक तिला रस्ते-बोगदे बांधणारी कंपनी समजायचे, आणि जम्मू-काश्मीरमधला चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा त्यांच्याच ग्रुपने बांधलाय हे खरंच आहे. पण वरची जी मूळ कंपनी होती ती स्वतः काही बांधत नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या भाषेत ती कोअर इन्व्हेस्टमेंट कंपनी. म्हणजे जिची ९० टक्के तरी मालमत्ता स्वतःच्याच ग्रुपमधल्या कंपन्यांचे शेअर आणि त्यांना दिलेली कर्जं यातच असते. सोप्या भाषेत, खाली पोरंबाळं कमावतायत आणि वर एकच तिजोरी, तिची चावी बोर्डाकडे.

तर त्या बोर्डावर कोण होतं? एलआयसीचे वरिष्ठ अधिकारी, ओरिक्सचे प्रतिनिधी, सरकारात सचिव राहिलेली माणसं, आणि मारुतीचे आर. सी. भार्गव, ज्यांनी या देशात गाड्यांचा धंदा उभा करून दाखवला. एकेक नाव वाचलं की वाटायचं यापेक्षा चांगलं बोर्ड कुठलं असणार. मलाही तसंच वाटायचं. त्यात रेटिंग ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात सुरक्षित, अगदी ऑगस्ट २०१८ उजाडेपर्यंत. आणि मग सप्टेंबरच्या मध्यावर तेच रेटिंग डी, म्हणजे पैसे बुडवले. लघुउद्योगांसाठीच्या सरकारी बँकेचे, म्हणजे सिडबीचे, हजार कोटी वेळेवर देता आले नाहीत तिथून गाडी घसरली ती घसरलीच. नंतर आकडा आला, पूर्ण ग्रुपवर ९४,००० कोटींच्या आसपास कर्ज.

मला तेव्हा खरंच झोप लागत नव्हती, माझे पैसे अडकले होते म्हणून नाही, तर इतकी मोठमोठी माणसं एका टेबलाभोवती बसली असताना हे कुणाला दिसलं कसं नाही हा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून.

उत्तराचा एक तुकडा मला आमच्या सोसायटीत सापडला. डोंबिवलीत आमची सात मजली बिल्डिंग आहे, लिफ्ट बदलायची होती. कमिटीत एक रिटायर्ड चीफ इंजिनियर, एक कॉलेजातले प्राध्यापक, एक सरकारी खात्यातून निवृत्त झालेले साहेब, सगळी सज्जन आणि हुशार माणसं. सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी साठवलेला पैसा, जास्त व्याज मिळतं म्हणून पाच वर्षांच्या एफडीत टाकलेला. लिफ्टवाल्याचं कोटेशन आलं, चर्चा झाली दोन तास, कुठली मोटर, किती माणसांची, आतला आरसा कसा, सगळं झालं. ठराव पास होणार इतक्यात तळमजल्यावरचे किराणा दुकानवाले काका, जे मीटिंगला नुसते मागे खुर्चीवर बसलेले असतात, ते म्हणाले, "अहो पण पहिला चेक कुठल्या तारखेचा द्यायचा?" कुणाला कळेना काय विचारतायत. काका म्हणाले, "तो ॲडव्हान्स मागतोय पुढच्या महिन्यात, आणि तुमची एफडी सुटणार पुढच्या वर्षी दिवाळीनंतर. मग मधे काय?" सगळे गप्प. एफडी मोडावी लागली, व्याज गेलं ते गेलंच.

मी घरी येऊन विचार करत बसलो. चीफ इंजिनियर साहेबांना हे का नाही दिसलं? हुशारी कमी म्हणून नाही. त्यांनी आयुष्यभर जी कामं केली तिथे पैसा बजेटमधून यायचा, एप्रिल आला की मंजुरी आली. प्राध्यापकांचा पगार एक तारखेला. आणि काका? काकांना दर सोमवारी होलसेलवाल्याला पैसे द्यायचे असतात आणि गिऱ्हाईक उधारी दहा तारखेला चुकवतं. त्यांची चाळीस वर्षं त्या मधल्या दिवसांतच गेली आहेत. त्यांचा डोळा तारखेवर आपोआप जातो.

हेच घेऊन मी परत आयएल अँड एफएसच्या बोर्डाकडे बघितलं आणि मला वाटलं हां, आता काहीतरी लागतंय. त्या कंपनीचं खरं दुखणं काय होतं तर तारखांचं. रस्ता, बोगदा, वीज प्रकल्प यातून पैसा परत यायला पंधरा-वीस वर्षं लागतात. आणि कर्ज? त्यातलं कितीतरी काही महिन्यांचं, कमर्शियल पेपर, इंटर कॉर्पोरेट डिपॉझिट, म्हणजे दर थोड्या दिवसांनी जुनं फेडायला नवीन काढायचं. बाजारात सगळं सुरळीत आहे तोवर हे चालतं, एक देणारा थांबला की संपलं. त्यात प्रकल्पातून येणारा पैसाही कधी अचानक बंद होतो, याच ग्रुपच्या दिल्ली-नोएडा टोल ब्रिजचंच बघा ना, ऑक्टोबर २०१६ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने टोल बंद करायला सांगितला आणि त्या दिवसापासून त्या कंपनीची मुख्य कमाई थांबली.

आता एलआयसीचा माणूस घ्या. मी एलआयसीचा अपमान करत नाहीये, माझ्या घरात सगळ्यांच्या पॉलिसी तिथेच आहेत. पण एलआयसीची पैशाची सवय बरोब्बर उलटी आहे! तिथे वीस वर्षांचा पैसा आधीच हातात येतो, प्रश्न असतो तो लावायचा कुठे. पुढच्या महिन्यात देणी कशी भागवायची या काळजीने एलआयसीतल्या कुणाची रात्र गेली नसेल. सचिव साहेबांची सवय बजेटची. मारुतीत गाडी गेली की पैसे आले, कंपनीवर कर्ज जवळपास नाहीच. म्हणजे एकेक बॅकग्राउंड आपापल्या जागी सोन्यासारखं, पण नव्वद दिवसांच्या उसनवारीवर जगलेला डोळा त्या टेबलावर पुरेसा नव्हता. हे माझं वाचन आहे, कुणावर आरोप नाही. आरोपांचं काम कोर्टात आहे.

आणि दुसरी एक गोष्ट जिचा मला अजून राग येतो. तिथे रिस्क मॅनेजमेंट कमिटी होती. कागदावर होती. २०१५ ते २०१८ या काळात तिची बैठक एकदाच झाली. एकदा! आमच्या सोसायटीच्या गणपती मंडळाची कमिटी ऑगस्टमध्ये चार वेळा बसते. कितीही अनुभवी माणूस आणून बसवा, त्याला बसायलाच बोलावलं नाही तर त्याचा अनुभव काय करणार.

१ ऑक्टोबर २०१८ ला सरकार मुंबईच्या एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात गेलं आणि त्याच दिवशी जुनं बोर्ड बाजूला करून सहा जणांचं नवीन बोर्ड बसलं. ही यादी मी तेव्हा एका कागदावर लिहून काढली होती, तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. उदय कोटक, विनीत नय्यर, जी. एन. वाजपेयी, जी. सी. चतुर्वेदी, मालिनी शंकर, नंद किशोर. प्रत्येक नावापुढे मी लिहिलं होतं की हा माणूस इथे नेमकं काय करणार. आणि गंमत म्हणजे, म्हणजे मला त्यातून फार शिकायला मिळालं, प्रत्येकापुढे लिहायला वेगळं काहीतरी सापडलं.

कोटकांनी १९८५ मध्ये सुरुवातच केली ती बिल डिस्काउंटिंगपासून. बँक नंतर झाली. बिल डिस्काउंटिंग म्हणजे काय तर व्यापाऱ्याचे पैसे तीन महिन्यांनी येणार असतात, ते आज द्यायचे आणि मधल्या दिवसांचं व्याज कमवायचं. म्हणजे आमच्या दुकानवाल्या काकांच्या मधल्या दिवसांचाच धंदा. जो माणूस तिथून वर आलाय त्याला तारीख शिकवावी लागत नाही. नय्यर आयएएस होते, वर्ल्ड बँकेत होते, गेल या सरकारी गॅस कंपनीचे प्रमुख होते, पण माझ्या कागदावर मी यातलं काहीच लिहिलं नव्हतं, मी लिहिलं होतं "सत्यम". २००९ मध्ये सत्यम या आयटी कंपनीत हिशेबाचा घोटाळा झाल्यावर टेक महिंद्राने ती घेतली तेव्हा बुडालेल्या घरात शिरून साफसफाई करणाऱ्यांत ते पुढे होते. मोडलेली कंपनी आतून कशी दिसते हे बघितलेली माणसं देशात किती असतील? वाजपेयी एलआयसीचे चेअरमन आणि नंतर सेबीचे चेअरमन, म्हणजे गुंतवणूकदार आणि नियामक अशा दोन्ही खुर्च्यांवर बसलेले. चतुर्वेदी सरकारातून आलेले आणि तेव्हा आयसीआयसीआय बँकेचे चेअरमन, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या बाजूने कसा विचार होतो ते माहिती. मालिनी शंकर तेव्हा जहाज वाहतूक खात्याच्या डायरेक्टर जनरल, ऑफिस इथेच कांजूरमार्गला. नंद किशोर कॅगमधले, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस.

आणि त्यांनी पहिलं काम काय केलं? मोजणी. ग्रुपमध्ये एकूण कंपन्या किती हेच आधी नीट मोजलं आणि आकडा तीनशेच्या वर गेला. तीनशे! वर एक तिजोरी आणि खाली तीनशेच्या वर पोरं. मग त्या कंपन्यांचे तीन गट पाडले, हिरवा, अंबर म्हणजे पिवळसर, आणि लाल. हिरवा म्हणजे सगळी देणी वेळेवर देऊ शकते, अंबर म्हणजे रोजचा खर्च आणि तारण असलेली मोठी कर्जं भागतील पण बाकीच्यांचं नाही, लाल म्हणजे तेवढंही नाही. मला हे वाचून अंगावर काटा आला होता, कारण यात कुठेही नफा नाही, नेटवर्थ नाही, रेटिंग नाही, नुसता एकच प्रश्न आहे, कुणाचे पैसे कधी देऊ शकतेस. काकांचा प्रश्न. कोटक एप्रिल २०२२ पर्यंत तिथे होते, तोवर बरंचसं कर्ज मार्गी लागलं होतं, सगळं नाही.

नंतर नियम बदलले. तपन रे यांच्या अध्यक्षतेखाली रिझर्व्ह बँकेने गट नेमला आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये अशा कोअर इन्व्हेस्टमेंट कंपन्यांसाठी नवे नियम आणले, पूर्ण ग्रुपची एक रिस्क कमिटी पाहिजे, तिचा चेअरमन स्वतंत्र डायरेक्टर पाहिजे, दर तिमाहीला बैठक झालीच पाहिजे. चांगलं झालं. लिस्टेड कंपन्यांना तर सेबीने डायरेक्टरांच्या कौशल्यांचा तक्ताच छापायला लावलाय, कुणाला काय येतं ते नावानिशी. पण तो तक्ता एकदा उघडून बघाच. फायनान्समध्ये सगळ्यांना टिक, लीडरशिपमध्ये सगळ्यांना टिक, रिस्कमध्ये सगळ्यांना टिक. दहा माणसं, दहा रकाने, शंभर टिक. मी असे कितीतरी तक्ते बघितलेत आणि एकानेही मला काही सांगितलेलं नाही.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. प्रोफाइलचा परिच्छेद शेवटाकडून वाचतो. वरच्या ओळीत पदं असतात, पुरस्कार असतात, ते सोडून द्यायचं. माणूस चाळिशीच्या आधी काय करत होता ते शोधायचं, कारण सवयी तेव्हा लागतात. कर्ज वसुलीला गेलाय का कधी? कारखान्यात पगाराचे पैसे जुळवलेत का? ऑडिटला बसलाय का? मग कंपनीचा धंदा बघायचा, तिचा पैसा कधी येतो आणि कधी जातो, आणि विचारायचं की असाच पैसा हाताळलेला एक तरी माणूस इथे आहे का. आणि मग कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या भागात हजेरीचा तक्ता, कुठली कमिटी वर्षात किती वेळा बसली आणि कोण किती वेळा आलं. हा तक्ता माझा सगळ्यात आवडता आहे, कारण इथे विशेषणं नसतात, नुसते आकडे.

यातून शेअर वर जाणार का खाली हे कळत नाही, त्यासाठी मी हे करतही नाही. पण आपण म्युच्युअल फंडातून, पीएफमधून, पॉलिसीतून कुठल्या ना कुठल्या बोर्डाच्या हातात पैसे दिलेलेच असतात, मग ती माणसं कोण आहेत हे बघायला अर्धा तास जातो तर जाऊ दे की.

सोसायटीचं सांगायचं राहिलंच. मागच्या निवडणुकीत काकांना आम्ही आग्रहाने खजिनदार केलं. ते नकोच म्हणत होते, माझं शिक्षण नववीपर्यंत, मला इंग्लिश पत्रं वाचता येत नाहीत म्हणे. प्राध्यापक सरच म्हणाले, पत्रं मी वाचून दाखवतो, तुम्ही या. आता त्यांच्याकडे लाल बांधणीची दुकानातलीच वही असते, डावीकडे येणं, उजवीकडे देणं आणि मधे पेन्सिलने ओढलेला एक जास्तीचा रकाना, त्यात फक्त तारखा. गेल्या महिन्यात टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा विषय निघाला तर चीफ इंजिनियर साहेबांनी कोटेशन बाजूला ठेवलं आणि आधी काकांना म्हणाले, "वही काढा."