लिफ्ट केलेल्या जिप्सीची थरथर आणि दणके: माझा अनुभव

मारुती जिप्सी मुळातच कडक गाडी. चारही चाकांना पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पुढे-मागे सलग ॲक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा), व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २३७५ मिमी आणि वजन साधारण एक टन. त्यात लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) आणि जादा पाटा टाकून गाडी उचलली, २३५/७५ आर१५ चे मड टायर चढवले, की कुठलीही तक्रार केली तरी उत्तर एकच मिळतं: "जिप्सी आहे, आदळणारच." मी घेतलेली सेकंडहँड जिप्सी याच अवस्थेत होती. ५५ च्या पुढे सीटखाली संथ हेलकावे, ७० ला पायाखाली बारीक झिणझिण्या, खड्डा गेला की स्टिअरिंगची थरथर आणि खडीच्या रस्त्यावर कंबर मोडणारे दणके. या चार तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. शोधताना क्रम पाळावा लागतो, कारण एक गोष्ट दुरुस्त केली की पुढच्या गोष्टीचं माप बदलतं.

सुट्या भागांना हात लावण्याआधी वेगाचं गणित केलं. मूळ २०५/७० आर१५ टायरचा व्यास ६६८ मिमी, या टायरचा ७३३ मिमी. म्हणजे मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ च्या आसपास असते, म्हणून वेग मोबाइलच्या जीपीएसवरच बघायचा. ७३३ मिमी व्यासाच्या टायरचा घेर २.३ मीटर होतो. ६० किमी वेगाला चाक सेकंदाला सात फेऱ्या घेतं आणि प्रोपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा) त्याच्या जवळपास चारपट, म्हणजे अठ्ठावीस-एक. शाफ्टच्या क्रॉसचा (टोकाच्या वळत्या सांध्याचा) कोन बिघडला असेल तर एका फेरीत दोन झटके येतात, म्हणजे सेकंदाला पन्नासच्या वर. म्हणून डोळ्यांना दिसणारा, मोजता येईल असा हेलकावा चाकाचा असतो. आरशातलं चित्र पुसट करणारी, तळपायाला मुंग्या आणणारी थरथर शाफ्टची. एवढा फरक ओळखता आला तरी निम्मे अनावश्यक खर्च टळतात.

त्यानंतर मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर तीन चाचण्या. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन त्याच आरपीएमला नेलं: थरथर नाही, म्हणजे इंजिन माउंटिंग आणि सायलेन्सर पाइप यांच्यावर संशय नाही. मग ७० ला चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये चालवून पाहिलं: इंजिनचा वेग बदलला, थरथर तशीच राहिली, म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या मागे. शेवटी ७५ ला क्लच दाबून न्यूट्रल केलं आणि गाडी आपोआप मंदावू दिली, इंजिन चालूच. संथ हेलकावे तसेच राहिले, पण झिणझिण्या निम्म्याहून कमी झाल्या. भार पडल्यावर वाढणारी थरथर म्हणजे शाफ्टचा कोन, ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीची) माउंटिंग किंवा पिनियनचं (ॲक्सलमध्ये शिरणाऱ्या गिअरच्या दांड्याचं) बेअरिंग. चाकाच्या असमतोलाला ॲक्सिलरेटरशी काही देणंघेणं नसतं.

चाकांपासून सुरुवात केली, कारण ते सर्वांत स्वस्त. चाकं उतरवली तेव्हा रिमच्या आतल्या बाजूला जांभ्याच्या लाल चिखलाचा बोटभर जाड थर सुकून बसलेला होता. बाहेरून गाडी धुतली की तो दिसत नाही, आणि एका बाजूला साचलेला मूठभर चिखल बॅलन्सिंगचं सगळं काम वाया घालवतो. पावसाळ्यातल्या प्रत्येक फेरीनंतर प्रेशरची नळी चाकाच्या मागून आत घालावी. चिकटपट्टीची वजनं याच थराबरोबर निघून जातात, म्हणून मड टायरला शक्य तिथे रिमच्या कडेला ठोकायची वजनं बरी.

बॅलन्सिंग करण्याआधी चाक गोल फिरतंय का ते बघावं लागतं. ॲक्सल जॅकवर घेऊन, ट्रेडच्या (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या) समोर एक जाड तार ठोकळ्याला बांधून ठेवली आणि चाक हाताने फिरवलं. वर-खाली आणि आजूबाजूला दीड मिलिमीटरपर्यंत फरक उत्तम, मड टायरला अडीचपर्यंत चालवून घेतो. एका चाकाला चारच्या वर फरक आला. तेव्हा टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा चढवला आणि फरक दोनवर आला. रिम आणि टायर दोघांचे उंचवटे एकाच जागी आले होते. बाजारातल्या अलॉयचं मधलं छिद्र जिप्सीच्या हबपेक्षा मोठं असेल तर चाक फक्त नटांवर मध्यभागी बसतं. अशा वेळी चाक हवेत असताना नट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत आवळायचे. एक नट आधीच पूर्ण आवळला की चाक कायमचं एका बाजूला बसतं. एवढ्यावर ५५ चे हेलकावे संपले.

आता दणके. शाफ्टचे कोन मोजण्याआधी हे काम करावं, कारण पाट्यांत बदल केला की उंची बदलते आणि उंचीबरोबर कोन. सुरुवात हवेपासून. पंपावर सवयीने ३५ पीएसआय भरतात. एक टनाच्या गाडीला रुंद, कडक भिंतीच्या टायरमध्ये एवढी हवा म्हणजे टायरने झटका शोषायचाच नाही असं ठरवणं आहे. ट्रेडवर खडूचा आडवा पट्टा ओढला आणि सपाट डांबरावर सरळ चाललो. मधला खडू पुसला गेला, कडेचा तसाच राहिला. हवा दोन-दोन पीएसआयने उतरवत गेलो तेव्हा २४ ला पूर्ण पट्टा सारखा पुसला गेला. हा आकडा माझ्या टायरचा आणि माझ्या वजनाचा. टायर बदलला की खडू पुन्हा काढावा.

मग चारही शॉकअब्सॉर्बर सोडवून रिकाम्या जागी १५ च्या वेगाने एका उंचवट्यावरून गाडी नेली. गाडी झुलली तर दोष शॉकचा, शॉकशिवायही दणका बसला तर दोष पाट्यांचा. दणका बसला. कारण शॅकलकडे बघितल्यावर दिसतं. पाटा दबला की सपाट होतो आणि त्याची लांबी वाढते, ती वाढ सामावून घ्यायला शॅकल बाहेरच्या बाजूला झुलायला हवा. जादा पाट्यामुळे कमान इतकी वाढली होती की शॅकल आतल्या बाजूला कललेला होता. अशा स्थितीत पाटा लांबायला लागला की शॅकल आधी उभा होऊ पाहतो आणि चेसिसला वर ढकलतो. जादा पाटा काढला, शॅकल किंचित बाहेर कलला, उंची पाऊण इंच कमी झाली आणि गाडीचा स्वभावच बदलला. ही उंची गमावल्याचं वाईट वाटू नये. सह्याद्रीतल्या दगडी वाटांवर चाक जमिनीला चिकटून राहणं पाऊण इंचापेक्षा जास्त उपयोगाचं.

पाटे खोललेलेच होते, तेव्हा प्रत्येक पाट्याचा गंज तारेच्या ब्रशने काढून टोकांना ग्रॅफाइट ग्रीस लावलं. बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. ॲक्सल लटकलेला असताना आवळले तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो, राइड कडक होते आणि बुशही लवकर फाटतो. शॉकची लांबी तपासायला एक साधा नियम आहे: शॉक पूर्ण दाबायला जेवढा वाव उरलाय, तो ॲक्सल आणि बंप स्टॉपर (त्याला शेवटी अडवणारं रबर) यांच्यातल्या फटीपेक्षा जास्त असायला हवा. नाहीतर रबराआधी शॉकच तळाला ठोकर खातो आणि त्याचं माउंटिंग तुटतं.

उरल्या झिणझिण्या. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो मागे वेगळा, रबरी माउंटिंगवर लटकतो आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. म्हणजे इथे तीन शाफ्ट आहेत, दोन नाहीत. हा आखूड शाफ्ट बरेच मिस्त्री बघतच नाहीत. आधी पुढचा प्रोपेलर शाफ्ट पूर्ण काढून टू-व्हीलमध्ये (फक्त मागच्या चाकांवर) चालवून पाहिलं. फरक नाही, म्हणजे तो निर्दोष. काढण्याआधी फ्लँज (जोडणीची चकती) आणि स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दात्यांचा जोड) यांच्यावर रंगाची खूण करायला विसरू नये. स्लिप जॉइंट एका दात्याने जरी चुकीचा बसला तरी दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत आणि नवीच थरथर सुरू होते.

माउंटिंग तपासताना चाकांना ठोकळे, हँडब्रेक, पायाखाली ब्रेक आणि गाडीच्या समोर-मागे कुणीही नाही. एकाने पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून टॉर्चने बघायचं. माझा ट्रान्सफर केस एका बाजूने बोटभर उचलला जात होता. त्या बाजूचं रबर धातूच्या पत्र्यापासून सुटलं होतं आणि फक्त जागेवर टेकून होतं, त्यामुळे उभ्या गाडीत ते धडधाकट दिसत होतं. तिन्ही माउंटिंग एकदम बदलावीत. जुन्या-नव्याची जोडी घातली तर केस तिरका बसतो.

त्यानंतरच कोन मोजले. गाडी सपाट जागी, चाकांवर, टाकी भरलेली. चुंबकाचं डिजिटल अँगल गेज ट्रान्सफरच्या मागच्या फ्लँजवर, शाफ्टच्या नळीवर आणि पिनियनच्या फ्लँजवर लावलं. ट्रान्सफरचा अक्ष मागच्या बाजूला २ अंश उतरता, शाफ्ट ११ अंश उतरता आणि पिनियनचं नाक ५ अंश वर. म्हणजे पुढच्या क्रॉसवर ९ अंशांचा कोन, मागच्यावर ६ अंशांचा. खरी गोम या तीन अंशांत होती. एक क्रॉस फिरताना शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमी-जास्त करतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तरच तो चढउतार पुसला जातो. मागचा लांब शॅकल पाट्याचं मागचं टोक खाली ढकलतो, ॲक्सल त्याबरोबर फिरतो आणि पिनियनचं नाक वर येतं. दिसायला शाफ्ट सरळ झाल्यासारखा वाटतो, म्हणून लोक खूश होतात. उपाय मात्र उलटा आहे: नाक खाली आणायचं, मागच्या क्रॉसचा कोन वाढवायचा आणि दोन्ही ९-९ करायचे.

त्यासाठी ३ अंशांची पोलादी पाचर पाटा आणि ॲक्सल यांच्या मध्ये घातली. जिप्सीत ॲक्सल पाट्याच्या वर बसतो, म्हणून पाचरीची जाड बाजू मागे. ॲल्युमिनियमची पाचर घेऊ नये, ती दणक्यांनी चिरडते. सेंटर बोल्ट (पाटे मधोमध एकत्र धरणारा) पाचरीच्या जाडीएवढा लांब लागतो, नाहीतर त्याचं डोकं बैठकीत नीट बसत नाही आणि ॲक्सल सरकतो. ट्रान्सफर केस खाली घेऊन कोन कमी करण्याचा सल्ला मलाही मिळाला. जिप्सीत तसं केलं की आखूड शाफ्टचा कोन बिघडतो, म्हणून मी तो मानला नाही.

शाफ्ट बाहेर असताना क्रॉस हाताने फिरवून बघितले. मागचा क्रॉस मधल्या जागी अडखळत होता आणि त्याच्या टोपीभोवती विटकरी भुकटी होती. ती दिसली की आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या असं समजावं. ग्रीस मारून तो सुधारत नाही, बदलायचाच. नवा क्रॉस, नवी माउंटिंग आणि पाचर एवढ्यावर ७० ची झिणझिण गेली. ८५ च्या पुढे बारीक गुणगुण अजून आहे. दोन्ही कोन सारखे असले तरी ९ अंश म्हणजे जास्तच, आणि आखूड व्हीलबेसची गाडी उचलली की तेवढं येणारच.

स्टिअरिंगच्या थरथरीला बरेच जण स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक) लावून मोकळे होतात. डँपर लक्षण झाकतो आणि झीज चालूच राहते. पुढचं चाक उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवलं तेव्हा खेळ (सैलपणा) जाणवला. ब्रेक दाबून पुन्हा हलवलं, खेळ तसाच. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला असता तर चाकाचं बेअरिंग सैल असतं. राहिला, म्हणजे किंगपिनचं (चाक डावी-उजवीकडे वळतं त्या खिळीचं) बेअरिंग. नकल (चाकासह वळणारा भाग) खोलल्यावर खालच्या रेसवर (बेअरिंगच्या कडीवर) रोलरांचे खळगे उमटलेले दिसले, नेमके सरळ चालताना रोलर जिथे टेकतात तिथेच. नवी बेअरिंगं बसवताना ऑइल सील न लावता, टाय रॉड (पुढची दोन चाकं जोडणारी सळई) सोडवून, नकलच्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावून ओढायचं. एक ते पावणेदोन किलोच्या आसपास नकल हलायला लागला पाहिजे. हलका लागला तर किंगपिनखालचे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) काढायचे, जड लागला तर वाढवायचे.

उरला कॅस्टर, म्हणजे चाक सरळ ठेवणारा किंगपिनचा मागच्या बाजूचा कल. पुढे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतो. तो ५० मिमीने लांब केला आणि पाट्याच्या दोन बुशांमधलं अंतर ९०० मिमी धरलं, तर किंगपिनचं वरचं टोक सुमारे ३ अंश पुढे झुकतं. मूळ कॅस्टरच साडेतीन अंशांच्या आसपास, म्हणजे उरतं काय? मी पुढचे शॅकल मूळ मापाचे घातले आणि गाडी पुढून इंचभर खाली बसली. उंची ठेवायचीच असेल तर पुढेही पाचर लागते, तिथे जाड बाजू पुढे.

पाचर घातलेल्या गाडीचे यू-बोल्ट (ॲक्सल आणि पाटे एकत्र आवळणारे) पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशेनंतर टॉर्क रेंचने तपासावेत. पाचर, पाटे आणि ॲक्सलची बैठक एकमेकांत दबत जाते, त्यामुळे पहिल्या वेळी प्रत्येक नट थोडा तरी फिरतोच. सुट्या काढलेल्या यू-बोल्टचे आटे ताणलेले असतात, म्हणून ते परत न वापरता नवे घेतलेले बरे.